काका, दोन काकू आणि मागं सरकणारी गंगा

माझे काका वारले ते ओसरीवर. झरीच्या आमच्या घरात त्यांच्या वाट्याला दोन खोल्या होत्या. एकीत थोरली काकू राहायची, दुसरीत धाकटी. काका कुठल्याही एकीत शिरले की दुसरीतून भांडी आपटल्याचा आवाज येई, म्हणून शेवटची काही वर्षं त्यांनी ओसरीवरच काढली. सगळ्या घरात तेवढीच एक जागा तटस्थ होती. तिथंच एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

थोरली काकू चुडाव्याची. तिला मूल झालं नाही, म्हणून काकांनी पिंगळीची धाकटी करून आणली. तिलाही झालं नाही. दोष कोणाचा ते एव्हाना सगळ्या झरीला कळलं होतं, फक्त काकांना कळलं नव्हतं. ते तिसरीचा विचार करत होते. त्या वेळी मात्र दोघी काकूंनी जन्मात पहिल्यांदा एकी केली, आणि तो विषय निघाला तिथंच मिटला. त्यानंतर दोघींचं बोलणं कायमचं बंद झालं. एकीला दुसरीला काही सांगायचं असलं की ती म्हशीला सांगे, नाहीतर मला.

काकांची एक इच्छा मागं राहिली होती. कधीतरी एक गोसावी आमच्या ओसरीवर मुक्कामाला होता. गांजाचे झुरके मारत त्यानं काकांना सांगितलं होतं, की हिमालयात बर्फाची एक गाय आहे, पांढरीशुभ्र, आणि तिच्या तोंडातून गंगा पडते. काकांनी ते धरून ठेवलं. ‘माझी हाडं त्या गाईच्या तोंडी द्या’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आता आमच्या भागात गोदावरीलाच गंगा म्हणतात. गंगाखेडला जायचं, अस्थी सोडायच्या, संध्याकाळपर्यंत घरी. माझ्या वडिलांनी तसंच केलं. पण भावाच्या शब्दाखातर चिमूटभर अस्थी त्यांनी तांब्याच्या लहान गडूत घातल्या, तोंड फडक्यानं बांधलं, वर लाख लावली आणि गडू मारुतीच्या देवळामागच्या पिंपळाला टांगला.

तो नेणार कोण, यावर गाडं अडलं.

थोरली म्हणाली, “पहिल्या लग्नाची मी हाय. त्यानला पोचवायचा मान माझा.”

धाकटी म्हणाली, “शेवटचं पाणी माझ्या हातचं पिऊन गेले. ते काही उगंच न्हाई.”

गडू लटकत राहिला. पाऊसकाळ गेले, उन्हाळे गेले. मग एका चैत्रात वानरांची टोळी गावात शिरली आणि त्यातल्या एकानं गडू तोडून देवळाच्या शिखरावर नेला. अर्धं गाव खाली उभं राहून काकांना हाका मारत होतं, म्हणजे वानराला. शेवटी केळी दाखवून गडू परत मिळवला. वडील संतापले. त्यांनी दोघी काकूंना समोर बसवलं आणि म्हणाले, “दोघी बी जा. हा पोरगा संगं येईल. हे आता पिंपळाला जाणार न्हाई.”

मी तेव्हा परभणीच्या मदरशात मास्तर होतो. मदरसा म्हणजे सरकारी शाळा, निजामाच्या राज्यात तिला तसंच म्हणत. सगळं शिक्षण उर्दूत, त्यामुळं मला ती भाषा फाडफाड येते अशी घरच्यांची समजूत होती. उन्हाळ्याची सुट्टी होती, लग्न ठरायचं होतं, नाही म्हणायला कारण नव्हतं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

परभणीहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीत दोघी समोरासमोरच्या बाकांवर बसल्या. गडू मध्ये, माझ्या मांडीवर. निजामाची हद्द संपायच्या आधी करोडगिरीचे शिपाई डब्यात चढले. राज्यात काय येतं, बाहेर काय जातं ते तपासून महसूल घेणारं हे खातं. लाख लावलेला गडू बघून एकानं विचारलं, “इसमें क्या है?”

मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणालो, “काका है.”

तो आधी रागावला, मग त्याला उमगलं. म्हातारा माणूस होता. त्यानं टोपी सारखी केली, गडूला हात न लावता सलाम केला आणि म्हणाला, “बाहर जा रहे हैं ना? जाने दो. वापस लाए तो देखेंगे.”

“काय म्हणला रं?” थोरलीनं विचारलं.

“काका परत आले तर महसूल पडंल म्हणतो.”

“परत कशाला येतेत,” ती म्हणाली. “आले तर कुणाच्या खोलीत ठेवायचं त्यानला?”

माझ्या उर्दूचा तोरा हरिद्वारला उतरला. पुस्तकातली उर्दू मला येत होती, पण तोंडाला सवय आमच्या दख्खनीची. स्टेशनाबाहेर मी एकाला विचारलं, “हमकू गंगोत्री कू जानेका है, रस्ता किधर से जाता जी?” तो माणूस हसत सुटला. त्यानं आणखी दोघांना बोलावलं आणि मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. पुढं सबंध वाटेवर, जिथं जाऊ तिथं, मी ‘नक्को’ म्हटलं की माणसं पोट धरून हसत. धाकटी काकू म्हणे, “सरकारनं इतकी वर्षं शिकवलं तुला, अन् लोकं तर तमाशा बघितल्यागत हसायलेत.”

ऋषिकेशच्या पुढं थोडं मोटारीनं गेलो आणि मग चालणं. आम्ही काळ्या मातीची माणसं. आमच्याकडं उंच म्हणजे कडब्याची गंजी. इथं रस्ता म्हणजे डोंगराच्या कडेला नखानं ओढलेली रेघ, एकीकडं भिंत, दुसरीकडं काहीच नाही. खाली कुठंतरी गंगा आपटत असायची. तिकडं कंडी मिळते, म्हणजे पाठीवर बांधलेली टोपली. यात्रेकरू तिच्यात बसतो आणि डोंगरी माणूस त्याला वाहून नेतो. थोरलीनं ती बघूनच नकार दिला. “माणसाच्या पाठीवर बसायला मी काय वेताळ हाय?” धाकटी मात्र तिचा नकार ऐकताच टुणकन बसली. कंडीत तोंड मागं असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सगळी दरी तिच्या डोळ्यांपुढं उघडी. तिनं असा टाहो फोडला की कंडीवाल्यानं घाबरून तिला वाटेत उतरवली. त्यानंतर ती पायीच चालली. थोरली पुढं चालत होती, पण तिचे खांदे हसून हलत होते ते मागून मला दिसत होते.

गंगोत्रीला पोचलो तेव्हा दोघींच्या टाचा फुटल्या होत्या आणि माझा उरलासुरला भक्तिभाव संपला होता. देवळात गंगेची पूजा केली. तिथला पुजारी म्हणाला, अस्थी इथंच सोडा, इथपर्यंत आलं की पोचलं. पुढं गोमुखाला फार कमी लोक जातात, वाट वाईट आहे.

“पण गाईचं तोंड इतं कुटं हाय?” थोरलीनं मला विचारायला लावलं.

पुजाऱ्यानं सांगितलं की फार पूर्वी, भगीरथानं तप केलं तेव्हा, मुख इथंच होतं. मग ते मागं मागं गेलं. अजून मागंच जातंय.

मी भाषांतर केलं. मग धाकटी म्हणाली, “म्हणजे आज गेलो न्हाई तर उद्या आणखी लांब जाईल. ऊठ रे बाबा.”

आमच्याबरोबर एक वाटाड्या घेतला. फार बोलका माणूस. चिलीम पेटवायला दर वळणावर थांबे आणि काहीबाही सांगे. अस्वलाशी आपण कशी कुस्ती केली हे त्यानं दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा वेगळं. रात्री एका साधूच्या दगडी झोपडीत अंग टाकलं आणि सकाळी पुढं निघालो. झाडं मागंच संपली होती. नुसते दगड, राखेच्या रंगाचे, घराएवढे.

एका ठिकाणी वाटाड्या थांबला आणि एका मोठ्या शिळेकडं बोट दाखवून म्हणाला, “माझ्या आजाच्या वेळी बर्फ इथपर्यंत होता.” पुढं बरंच चालल्यावर दुसरी शिळा दाखवली. इथं त्याच्या बापानं स्नान केलं होतं, बर्फातून पाणी निघताना. मग आणखी पुढं एक चपटा दगड. “माझं लग्न झालं त्या साली इथं होता.” त्याच्या अस्वलावर माझा विश्वास नव्हता, तसा या शिळांवरही नव्हता. पण थोरली प्रत्येक शिळेशी थांबली. मागं वळून आधीची शिळा बघायची, मग पुढं बघायचं. आयुष्यभर शेतीवर नजर ठेवलेली बाई ती.

“बांध कोरल्यागत हाय हे,” ती म्हणाली. “शेजारचा दर साली वीतभर नांगर आत घालतो, तेव्हा कळत न्हाई. मग एक दिवस बघावं तर आंब्याचं झाड त्याच्या वावरात.”

“अन् इतं कोन कोरायलंय?” मी विचारलं.

“मला काय माहीत. त्यालाच इचार, अस्वलवाल्याला.”

मी विचारलं. तो म्हणाला, देवाची इच्छा. आणि चिलीम पेटवायला खाली बसला.

शेवटच्या चढावरून गोमुख समोर आलं, आणि आम्ही तिघंही उभे राहिलो. भारावून नव्हे. पांढरीशुभ्र गाय कुठं आहे ते शोधत.

समोर एक मळकट कडा होता. वर माती, त्यात रुतलेले दगड, जागोजाग काळे ओघळ. चार पावसाळे न सारवलेली भिंत असावी तसा. त्याच्या पायथ्याशी एक भगदाड होतं, आतून निळसर, आणि त्यातून पाणी बाहेर उसळत होतं. पाणीही कसलं, भिंत रंगवून झाल्यावर बादलीत उरतं तसं.

“हे?” धाकटी म्हणाली. “ह्याच्यापायी आलो? ह्याच्यापरीस आमच्या पिंगळीच्या विहिरीचं पाणी नितळ हाय.”

“गाय कुटं हाय?” थोरली म्हणाली.

वाटाड्यानं भगदाडाकडं बोट दाखवलं. थोरलीनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “गाय न्हाई ही. तुझे काका घोरताना तोंड असंच व्हायचं.”

ते खरं होतं. वरचा ओठ तसाच, एका बाजूला किंचित उचललेला. मला हसू आलं, आणि मग दोन्ही काकू हसायला लागल्या, एकमेकींकडं न बघता, तोंडाला पदर लावून. अस्थी टाकायला आलेली आम्ही माणसं. वाटाड्याला आमचं काय चाललंय ते कळेना.

तो म्हणाला, कड्याजवळ जाऊ नका, ऊन चढलं की तुकडे पडतात. पाणी थोडं खाली, दगडांत पसरून वाहत होतं तिथं आम्हाला नेलं. मी गडूवरची लाख दगडानं फोडली आणि फडकं सोडलं. आता पाळी कोणाची? इतका लांबचा प्रवास झाला, इतक्या धर्मशाळा झाल्या, पण हा प्रश्न आम्ही कोणी काढलाच नव्हता.

थोरलीनं गडू धरला. धाकटीनंही धरला.

“तिला सांग सोडायला,” थोरली मला म्हणाली.

“तिलाच सांग,” धाकटी म्हणाली.

मी म्हणालो, दोघी धरा आणि मिळून सोडा. दोघींनी ऐकल्यासारखं केलं, पण गडू एकदा इकडं जाई, एकदा तिकडं. वाळूतल्या दगडावर उभ्या राहून दोन बायका तांब्याच्या गडूसाठी रस्सीखेच करत होत्या आणि माझे काका मध्ये होते. जिवंत होते तेव्हाही असेच मध्ये होते, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही.

तेवढ्यात वर कड्यात काहीतरी कडाडलं. आमच्याकडं वळवाची वीज पडते तसा आवाज, पण आभाळ निरभ्र. भगदाडाच्या वरचा बर्फाचा एक मोठा ढलपा सुटला आणि पाण्यात कोसळला. वाटाड्या ओरडला. पाण्याची लाट दगडांवरून आमच्याकडं आली. फार मोठी नव्हती, मांडीएवढी असेल, पण थंडी अशी की पायात सुया घुसल्या. थोरलीचा पाय दगडावरून सटकला. ती बसली ती थेट पाण्यात, आणि पाणी तिला ओढायला लागलं.

मी दोन पावलांवर होतो आणि मला हलता आलं नाही. खरंच आलं नाही. पाय बधिर झाले होते.

धाकटीनं गडू सोडला. दोन्ही हातांनी तिनं थोरलीचा दंड पकडला, तो निसटला, मग पदर पकडला, तो फाटला, मग तिनं सरळ झिंजा धरल्या. एका दगडाला पाय लावून तिनं तिला ओढलं, आणि ओढता ओढता तोंडाचा पट्टा सुरू झाला.

“ऊठ! ऊठ, थेरडे! मरायचं तर झरीत मर! इतं मेलीस तर तुला कोन उचलील? तुजी हाडं घेऊन मी एकटी कुटं फिरू? ऊठ!”

इतक्या वर्षांत तिनं थोरलीशी थेट बोललेले हे पहिले शब्द.

वाटाड्या धावत आला, मीही एव्हाना सावरलो होतो, आणि तिघांनी मिळून थोरलीला कोरड्या वाळूवर आणली. ती थडथड उडत होती. धाकटीनं आपली घोंगडी तिच्याभोवती गुंडाळली आणि तिचे पाय चोळायला लागली, जोरजोरात, तव्यावरचं जळकं खरवडावं तसे. थोरलीनं दात वाजवत विचारलं, “गडू?”

गडू गेला होता. लांब खाली, दोन दगडांच्या मध्ये, एकदा तांब्याचं काहीतरी चमकलं आणि दिसेनासं झालं. काका आपले आपण गेले. कोणालाही मान न देता.

थोरली त्या दिशेला बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, “लय शाणा माणूस. भांडण लावून निघून जायचं.”

“आधीपासून तसलेच,” धाकटी म्हणाली आणि पाय चोळत राहिली. मग तिला रडू आलं. थोरलीनं घोंगडीची एक कड तिच्या अंगावर ओढली.

कोसळलेल्या बर्फाचा बैलगाडीएवढा तुकडा पाणी ओसरल्यावर वाळूत अडकून राहिला होता. आतून तो खरोखर पांढरा होता, काठाकडं निळा. परभणीत बर्फ मी एकदाच पाहिला होता, एका बड्या अंमलदाराच्या मेजवानीला भुसा लावून आलेला. काकूंनी तोही पाहिला नव्हता. निघताना थोरली त्या तुकड्याजवळ गेली आणि तिनं त्यावर तळहात ठेवला. आम्ही हाका मारल्या तरी काढीना. काढला तेव्हा बर्फावर तिच्या पंजाचा खळगा पडला होता, पाची बोटांसकट. धाकटीनं काठाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, चघळला, आणि म्हणाली, “चव न्हाई काहीच.”

परतताना त्याच साधूच्या झोपडीत त्यानं आम्हाला शेकोटीपाशी बसवलं, गरम काढा दिला. दोघी एकाच घोंगडीत बघून त्यानं विचारलं, “बहनें हैं?”

मी भाषांतर करायच्या आतच थोरली म्हणाली, “सवत हाय. पण ओढायला चांगली हाय.” आणि डोक्यावरची दुखरी जागा चाचपली.

झरीला पोचलो तोवर पेरण्या उरकल्या होत्या. वडिलांनी मावंदं घातलं, सगळा गाव जेवला. यात्रा करून आलेल्यांच्या पाया पडतात, तसे लोक दोघींच्या पाया पडले. दोघी पुन्हा भांडू लागल्या, ते दुसऱ्या दिवसापासून. पण आता तोंडावर. म्हैस सुटली बिचारी.

त्या श्रावणात मारुतीच्या देवळात पुराण लागलं. पुराणिकबुवा सेलूकडचे होते, आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. गंगावतरणाचा अध्याय आला. बुवांनी डोळे मिटले आणि वर्णन सुरू केलं: ती स्फटिकासारखी शुभ्र हिमधेनू, तिचं ते मोत्यासारखं मुख, त्यातून झरणारी दुधासारखी धार...

बायकांच्या बाजूनं आवाज आला. “मळकट हाय.”

बुवांनी डोळे उघडले. “कोण म्हणालं?”

“मी म्हणले,” थोरली म्हणाली. “मळकट हाय. वर माती हाय सगळी.”

“माउली, शास्त्रात लिहिलंय...”

“आमी बघून आलाव बुवा,” धाकटी म्हणाली. “पाणी गढूळ हाय. अन् गाय-बिय काही न्हाई.”

“मग काय आहे?” बुवा चिडून म्हणाले.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. काकांच्या घोरण्याचा विषय भर देवळात निघतो की काय, या धास्तीनं मी खांबामागं सरकलो. पण थोरली एवढंच म्हणाली, “भोक हाय. अन् ते मागं जायलंय. ज्यानला जायचं त्यानी लवकर जाऊन या.”

लोक हसले. बुवा कसलेले होते. ते म्हणाले, कलियुग आहे, माणसांची पापं वाढली, म्हणून गंगामाई पाय मागं घेतेय. सगळ्यांनी माना डोलावल्या. पापाचं कारण सगळ्यांनाच पटतं, कारण प्रत्येकाला ते दुसऱ्याचं वाटतं. दुसऱ्या दिवशीच्या पुराणात मात्र हिमधेनूचं मुख बुवांनी घाईघाईत उरकलं.

त्या संध्याकाळी थोरली ओसरीवर शेंगा निवडत बसली होती. पुराणापुरता गावी आलेला मी परभणीला परत निघालो होतो, म्हणून पाया पडायला गेलो. तिनं मला खाली बसवलं आणि हळूच विचारलं, “बुवा म्हणला ते खरं असंल का रे? पापाचं?”

“मला काय माहीत काकू. मास्तर हाय मी, बुवा न्हाई.”

ती थोडा वेळ शेंगा फोडत राहिली. “मला वाटतं, लोकं जातेत अन् हात लावतेत,” ती म्हणाली. “बर्फच हाय ते. माणसाचा हात ऊन असतो. मी बी ठिवला होता.” तिनं उजवा तळहात उघडून बघितला, पाठीमागून बघितला. “कितीक गेला असंल माझ्यापायी?”

“ओंजळभर,” मी म्हणालो. “जास्ती न्हाई.”

“ओंजळभर म्हणजे कमी न्हाई,” ती म्हणाली. आतून धाकटीनं हाक मारली, की शेंगा निवडून झाल्या असल्या तर चूल पेटलीय आणि आपल्याला दोनच हात आहेत. थोरली उठली, गुडघ्यावर हात ठेवत, आणि जाता जाता तिला जोरात म्हणाली, “आले, आले. झिंजा धरू नको.”